ताळा न पाहता केलेली सही

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजाराचा दिवस. त्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली आणि हाती लागले तेवढे कर्जरोखे, हिशेबाचे कागद बाहेर ओढून जाळले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हेच घडलं. माणसांवर हात टाकल्याचे प्रकार थोडे. राग होता तो कागदावर. वहीत काय लिहिलंय ते कुळाला वाचता येत नव्हतं, आणि न्यायालयात मात्र वहीत लिहिलेलं तेच खरं ठरत होतं. सरकारला आयोग नेमावा लागला. १८७९ साली दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. रोख्यावरच्या आकड्यापाशी थांबू नका, देण्याघेण्याच्या आरंभापर्यंत मागे जा, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, सगळा हिशेब नव्याने मांडा, असं त्या कायद्याने न्यायाधीशांना सांगितलं.

आपल्या वाडवडिलांच्या शाळेत याला एक साधा शब्द होता: ताळा. गणित सुटलं की ताळा पाहायचा. जुळला नाही तर पाटी पुसायची. पेढीवरही तेच. कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज, तेरजेवरून ताळेबंद. प्रत्येक पायरी मागच्या पायरीची झडती घेत असे. आजच्या भाषेत बोलायचं तर ही थरांनी रचलेली चाचणी होती, आणि ती आपल्या घरची होती.

मी गेली २२ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगचं काम करतो आहे. बँका, पतसंस्था, पगारपत्रकं, विमा, गोदामं अशी धंद्याची, रोजच्या देण्याघेण्याची सॉफ्टवेअर. कुणाची भीड न ठेवता सांगतो, सुप्याच्या बाजारात जे जळलं ते आपण पुन्हा लिहून काढलं आहे. वही गेली आणि पडदा आला. खिडकीपलीकडचा माणूस म्हणतो, "सिस्टीममध्ये असंच दाखवतंय." अलीकडचा माणूस मान खाली घालून परत जातो. त्या पडद्यावरचा आकडा कुणी, कधी, कसा तपासला होता, हे विचारण्याची हिंमत दोघांतही नसते. विचारलंच तर उत्तर देणारा कुणी सापडत नाही.

याचं टोक कुठे जातं ते ब्रिटनने जगाला दाखवलं. तिथल्या पोस्ट खात्याने १९९९ पासून गावोगावच्या टपाल कार्यालयांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. ती बनवणाऱ्यांपैकीच काहींनी १९९८ मध्ये बजावलं होतं की रोखीच्या हिशेबाचा भाग निकृष्ट लिहिला आहे आणि तो पुन्हा लिहावा. तो पुन्हा लिहिला गेला नाही. प्रणाली चालू झाली आणि कार्यालयांत न झालेल्या तुटी दिसू लागल्या. करार असा की तूट आली तर ती पोस्टमास्तरने भरायची. माणसांनी घरं गहाण टाकली, नातलगांकडून उसने घेतले, आणि तरीही चोर ठरले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोकांना दोषी ठरवलं गेलं. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टमास्तरीणबाईंना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा त्या गरोदर होत्या. त्यांची शिक्षा रद्द व्हायला २०२१ उजाडलं. किमान १३ जणांनी या छळापायी जीव दिला असावा, असं चौकशीच्या २०२५ च्या अहवालात नमूद आहे.

आता त्यातली एक चूक पाहा. स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टनच्या कार्यालयात २०१५ साली ८,००० पौंडांची रोकड नोंदवताना पडदा अडकला. पडदा अडकला की माणूस जे करतो तेच त्या कर्मचाऱ्याने केलं, पुन्हा पुन्हा कळ दाबली. प्रत्येक दाबणीला तीच रक्कम नव्याने नोंदली गेली आणि २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. टेस्टिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात आलेल्या मुलालाही आम्ही हे शिकवतो: बटण दोनदा दाबून बघ, मध्येच नेट तोडून बघ. ही तपासणी करायला तास-दोन तास लागले असते.

इंग्लंडच्या कायद्यानेही त्या पोस्टमास्तरांची साथ सोडली होती. संगणकाने दिलेला पुरावा मांडायचा तर तो संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा, अशी अट १९८४ च्या कायद्यात होती. १९९९ च्या कायद्याने ती काढून टाकली. त्यानंतर संगणक बरोबरच आहे असं धरून चालायचं आणि तो चुकला हे आरोपीने सिद्ध करायचं. आतलं काही पाहण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने! आपल्याकडे अजून निदान प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ यांनुसार, संगणक त्या काळात नीट चालत होता असं कुणीतरी सही करून सांगावं लागतं. ती सही करणाऱ्या किती जणांनी टेस्टिंगचा एक तरी कागद डोळ्यांखालून घातलेला असतो? मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी देवळातल्या मूर्तीचं वजन विचारलं.

आणि आपण इंग्रजांकडे बोट दाखवायला नको. २०१७ च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने झाडून सगळ्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरवलं. उत्तरपत्रिका १७ लाखांच्या वर. कंत्राट दिलं गेलं तेव्हा परीक्षा सुरू झालेल्या होत्या. ४५ दिवसांत लागायला हवेत असे निकाल सप्टेंबर उजाडला तरी पुरते लागले नव्हते. प्राध्यापकांना उत्तरपत्रिका दिसेनात, कुणाची पानं कुणाला जोडली गेली, काही उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत. पुढच्या प्रवेशांच्या तारखा उलटल्या. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं आणि महाराष्ट्राला वाटलं, न्याय झाला.

कोणता न्याय झाला? एका माणसाला खुर्चीवरून उठवलं की मुलीचं हुकलेलं वर्ष परत येतं का? विचारायचे प्रश्न वेगळे होते. स्कॅन केलेलं पान आणि बैठक क्रमांक यांची जुळणी किती हजार पानांवर तपासून पाहिली? एका विषयाच्या शंभर उत्तरपत्रिका कागदावर आणि पडद्यावर अशा दोन्हीकडे तपासून गुण ताडून पाहिले का? हजारो प्राध्यापक सकाळी ११ वाजता एकदम आत शिरले तर काय होईल, हे परीक्षेआधी कुणी करून पाहिलं? आधी एकाच विद्याशाखेत चालवून पाहायचं कुणाच्या मनात आलं का? आपल्या चहाच्या टपऱ्यांपासून विधिमंडळापर्यंत चर्चा झाली ती कोण जाणार आणि कोण येणार याची.

माठ घेणारी बाई आपल्याहून शहाणी आहे. बाजारात ती आधी टिचकी मारून नाद ऐकते. घरी आणून रात्रभर पाणी भरून ठेवते आणि सकाळी खालची फरशी ओली आहे का ते बघते. दोन-चार दिवसांचं पाणी ओतून टाकते, मातीचा वास गेला की मगच ते पाणी मुलांना देते. टिचकीने कळतं ते पाझरण्याने कळत नाही, पाझरण्याने कळतं ते चवीने कळत नाही. म्हणून ती तिन्ही करते. टिचकीला पैसा पडत नाही, म्हणून ती दहा माठांना मारते. पाणी मात्र एकाच माठात भरून बघते.

धंद्याच्या सॉफ्टवेअरची चाचणी अशीच रचायची असते. पतसंस्थेचं कर्जाचं सॉफ्टवेअर घ्या. सगळ्यांत खाली एकेक हिशेब सुटा काढून तपासायचा: ३६५ दिवसांचं व्याज, लीप वर्षातलं व्याज, पैशांचं पूर्णांकन, हप्ता सुट्टीच्या दिवशी आला तर काय. या युनिट टेस्ट हजारोंनी लिहाव्यात. त्या यंत्रच चालवतं, मिनिटांत संपतात, आणि कुणी एक ओळ बदलली तरी सगळ्या पुन्हा चालवता येतात. त्याच्या वर सांधे. काउंटरवर हप्ता भरला, खात्यात उतरला, खतावणीत गेला, एसएमएस निघाला. यातला एक दुवा मध्येच तुटला तर पैसा कुठे लटकतो? हे सांधे घालणारी माणसं बहुधा वेगवेगळ्या कंपन्यांची असतात, आणि दोघांच्या मधली जागा दोघांनाही दुसऱ्याची वाटते. डॅलमेलिंग्टनची चूक अशाच सांध्यातली होती. त्याच्याही वर अर्जापासून ‘नो ड्यूज’च्या दाखल्यापर्यंतचा सबंध प्रवास. तो मोजकाच तपासायचा, कारण तो हळू चालतो आणि फसला तर नेमकं कुठे फसला ते चटकन कळत नाही. माइक कोन यांनी २००९ साली याचं चित्र पिरॅमिडसारखं मांडलं, पाया रुंद आणि टोक निमुळतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो पिरॅमिड टोकावर उभा आहे. खाली काही नाही, आणि शेवटच्या आठवड्यात दहा मुलं रात्री दोनपर्यंत पडद्यावर हाताने बटणं दाबत बसलेली. ती दमतात, डोळे मिटतात, आणि एक्सेलच्या चौकोनात हिरवा रंग भरतात.

एवढ्याने भागत नाही. ३१ मार्चला जेव्हा सगळे एकदम येतात त्या गर्दीचा भार वेगळा तपासावा लागतो. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ५० लाखांहून अधिक ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर हलवली. त्यानंतर लाखो लोकांना स्वतःचे पैसे दिसेनात, काहींना दुसऱ्याचे दिसू लागले. चौकशीत निघालं की भाराची चाचणी दोन डेटा सेंटरांपैकी एकाच सेंटरमध्ये घेतली होती. नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड केला. कॅनडा सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘फिनिक्स’ ही पगाराची प्रणाली चालू केली. आधी मोजक्या खात्यांत चालवून पाहायचं ठरलं होतं, तो प्रयोगच रद्द केला. हजारो सरकारी नोकरांना कमी पगार मिळाला, जास्त मिळाला किंवा मिळालाच नाही. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर दलाली करणारी पेढी १ ऑगस्ट २०१२ रोजी ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर बुडाली, कारण आठ सर्व्हरपैकी एकावर नवा प्रोग्राम चढवायचा राहिला आणि तो चढला का हे कुणी पाहिलं नाही.

या सगळ्यांकडे अभियंते नव्हते? पैसा नव्हता? थरांची ही कल्पना त्यांना ठाऊक नव्हती? सगळं होतं. तारखेपुढे मान तुकवायची नाही असं म्हणणारा माणूस नव्हता. किंवा होता, आणि त्याला गप्प बसवलं.

म्हणूनच मी हा विषय तंत्राचा मानत नाही. चाचणीचा आराखडा करताना बहुतेक ठिकाणी पहिला रकाना असतो ‘फीचर’. माझ्या मते पहिला रकाना असायला हवा: हे चुकलं तर कुणाचं काय जाईल? अहवालाच्या मथळ्याचा रंग चुकला तर कुणाचं काही जात नाही, त्याला एक तपासणी पुरे. ऊसतोड मजुराच्या मजुरीतून उचलीची दोनदा वजावट झाली तर त्याच्या घरातली चूल विझते. तिथे खालपासून वरपर्यंत प्रत्येक थर लावा, आणि तो मजूर तक्रार करायला येऊ शकणार नाही हे धरून लावा. जो आवाज करू शकतो त्याच्या चुका आपोआप सापडतात. ज्याला आवाज नाही त्याच्यासाठी कुणीतरी आधीच शोधून ठेवाव्या लागतात. हा रकाना भरायला संगणकाची पदवी लागत नाही. संचालक मंडळाने, कामगार संघटनेने, ग्रामसभेनेसुद्धा तो भरून मागावा.

पण मागणार कोण? आपण सगळ्यांनी मिळून या कामाची लाज निर्माण केली आहे. नवी मुलं कंपनीत येतात आणि ज्यांना कोड लिहायला मिळत नाही त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, "त्याला टेस्टिंगला टाकलं." टाकलं! आई-वडील नातेवाइकांत सांगतात "आयटीत आहे" आणि पुढचं बोलणं आवरतात. स्थळ पाहायला आलेला माणूस विचारतो, डेव्हलपमेंटला नाही का? घडवणारा वरचा आणि तपासणारा खालचा, ही उतरंड आपण कोणत्या जुन्या सवयीतून आणली हे महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या समाजाने शेकडो वर्षं घाण काढणाऱ्याला गावाबाहेर ठेवलं, तोच समाज आज चूक काढणाऱ्याला बैठकीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवतो आणि वेळ संपत आल्यावर बोलायला सांगतो.

दुसरा दोष मुहूर्ताचा. पाडव्याला सुरू करायचं, १ मेला करायचं, मंत्री ज्या दिवशी मोकळे असतील त्या दिवशी करायचं. तारीख आधी ठरते आणि काम तिच्यात कोंबलं जातं. लिहिणं लांबलं की कापले जातात ते चाचणीचे आठवडे, कारण चाचणी कापली तर त्या दिवशी काही दिसत नाही. टेस्टर म्हणाला "अजून तयार नाही" की तो अपशकुनी. नारळ फुटतो, फीत कापली जाते, टाळ्या होतात. निविदा तर सर्वांत कमी दराची घ्यायची असते. त्या दरात चाचणीचे पैसे होते का, हे पाहणाऱ्या समितीत ते ओळखू शकेल असा एकही माणूस नसतो.

आणि यूएटी! ज्यांनी हे रोज वापरायचं त्यांनी आधी वापरून पाहावं आणि पसंतीची सही द्यावी, एवढी चांगली ही कल्पना. प्रत्यक्षात काय होतं? ज्यांनी काउंटर कधी पाहिला नाही ते अधिकारी दुपारी चार वाजता येतात, कंपनीचा माणूस तयार ठेवलेल्या तीन नोंदी फिरवून दाखवतो, आणि सही होते. सुप्याचा शेतकरी न वाचता अंगठा देत होता, कारण त्याला वाचायला शिकवलं नव्हतं. आपण शिकलेली माणसं न वाचता सही देतो.

अशी सही मीही केली आहे. कंत्राटी कामगारांच्या पगाराचं सॉफ्टवेअर होतं. रात्रपाळी महिन्याच्या शेवटच्या तारखेला सुरू होऊन पहिल्या तारखेला संपली तर जादा तास कोणत्या महिन्यात धरायचे, हे तपासायचं राहिलं होतं. मला ते माहीत होतं. व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या रिलीजमध्ये बघू. मी सही केली. तीन महिन्यांनी फाटकावरच्या एका वयस्क सुरक्षारक्षकाने मला थांबवून पगाराची चिठ्ठी दाखवली आणि विचारलं, "साहेब, माझ्या चार रात्री कुठं गेल्या?" त्यांना वाटत होतं, त्यांचीच मोजण्यात चूक होतेय. ते ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवत होते तेव्हाची त्यांची बोटं मला अजून दिसतात. पैसे पुढे मिळाले. पण ते तीन महिने त्यांनी स्वतःवर अविश्वास ठेवून काढले, आणि तो अविश्वास माझ्या सहीने दिलेला होता.

त्यानंतर काही वर्षांनी एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेच्या यूएटीसाठी गेलो. तिथल्या कॅशियर ताई २०० पानी वही घेऊन आल्या होत्या. चाळीस खात्यांचं व्याज त्यांनी घरी बसून हाताने काढलं होतं, बारीक अक्षरात, प्रत्येक ओळीपुढे ताळा. सदतीस खाती जुळली. तीन जुळली नाहीत, आणि फरक होता काही रुपयांचा. अध्यक्ष म्हणाले, "ताई, पाडव्याला पाहुणे सांगितलेत. एवढ्या फरकानं काय होतंय?" त्या म्हणाल्या, "दादा, लोक मला विचारायला येतात. तुमच्याकडं येत नाहीत. आधी या तीन खात्यांचं दाखवा, मग सही." खोलीत कुणी बोलेना. आम्ही तीन खाती उघडली. तिन्हींत २९ फेब्रुवारीला थोडी परतफेड झाली होती आणि त्या दिवसाचं व्याज प्रोग्राम दोनदा धरत होता. सगळी खाती चाळल्यावर तीच चूक आणखी बऱ्याच ठिकाणी निघाली. पाडवा हुकला. कार्यक्रम तीन आठवड्यांनी झाला, पाहुणे आले, फीत कापली, संचालक मंडळ हारतुरे घालून फोटोला उभं राहिलं. ताई फोटोत नव्हत्या. महिन्याची दहा तारीख होती आणि काउंटरवर रांग लागली होती.